यमुना हिस माहेरकडून

"तुमच्या मंडळींचं माहेरचं नाव काय?"

रिसिव्हरसाहेबांनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. दुकान कसं बुडालं, कोणाचं किती देणं आहे, वह्या कुठं आहेत, यातलं काही नाही. थेट बायकोचं माहेरचं नाव! माझ्या मनात तिथल्या तिथं पाल चुकचुकली.

"यमुना," मी म्हणालो. "लग्नात आम्ही नलिनी ठेवलं."

"म्हणजे लग्न लागेपर्यंत यमुना."

"हो तर. ताटात तांदळावर नाव लिहिलं तेव्हापासून नलिनी."

"बरं," असं म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. मीही बसलो. डोक्यावर पंखा कुरकुरत होता आणि माझ्या सदऱ्याच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या.

ही गोष्ट ब्याऐंशी सालच्या एप्रिलमधली. फलटणला माझं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, वडिलांपासूनचं. लोकांनी स्टील धरलं आणि मी पितळ धरून बसलो. नलू म्हणायची, "अहो, थोडं स्टील ठेवा की." मी म्हणायचो, "ते पत्र्याचं सोंग आहे, चार वर्षांत जाईल." चार वर्षांत मीच गेलो. शेवटी साताऱ्याच्या कोर्टात नादारीचा अर्ज टाकला. नादारी म्हणजे काय, तर कोर्टापुढं हात वर करायचे, की बाबांनो, माझ्याच्यानं आता फिटत नाही, आहे ते विका आणि वाटून घ्या. मग कोर्ट एक रिसिव्हर नेमतं. तो तुमचं सगळं उघडून बघतो आणि तुम्हाला समोर बसवून विचारतो. सगळं सरळ निघालं तर सुटलात. एक वाटी जरी लपवलेली सापडली तरी सुटका नाही, वर वर्षाची जेल.

आणि मी वाटी नाही, अकरा भांडी लपवली होती. दोन बंब, तीन मोठी तपेली, चार पराती, एक घंगाळ आणि एक कळशी. सगळा तांब्या-पितळेचा जड माल. लग्नसराईत आचाऱ्यांना भाड्यानं दिला असता तर घर चाललं असतं. दुसरं काही येत नव्हतं मला, आणि पदरात दोन मुली होत्या.

लपवली म्हणजे जमिनीत पुरली नव्हती हो, उलट यादीत उजळ माथ्यानं लिहिली होती: 'पत्नीचे स्त्रीधन, लग्नातील आंदण.' बायकोच्या माहेरच्या आंदणाला कोणी हात लावत नाही. त्याआधी आठ दिवस, दुपारचं शटर अर्धं ओढून, मी एकेका भांड्यावर नाव घातलं होतं. छिन्नी-हातोडीनं टिंबटिंब करत भांड्यावर नाव घालायचं काम माझ्या हातचं. त्यासाठी तालुक्यातून लोक यायचे. 'चि. यमुना हिस माहेरकडून, १९६४.' दुसरा कोणी असता तर नलिनी घालून मोकळा झाला असता आणि तिथंच अडकला असता. मी कसला अडकतोय! लग्नाच्या आधी घेतलेल्या भांड्यावर सासरचं नाव कसं असेल? टिंबं काळसर दिसावीत म्हणून वर चिंचेचं पाणी आणि राख चोळली. मग सगळी भांडी टेम्पोनं साताऱ्याला धाडली, वामनच्या घरी, माळ्यावर.

वामन माझा मेहुणा. नलूचा पाठचा भाऊ, साताऱ्याजवळच्या शाळेत मास्तर. भांडी नकली आंदणाची आहेत हे जगात तिघांनाच माहीत: मी, नलू आणि वामन.

"यादीत दोन बंब आहेत," किंजवडेकर वकील, म्हणजे आमचे रिसिव्हर, खिडकीकडं बघतच म्हणाले. साठीचे, सडपातळ, आवाज कधी चढवायचे नाहीत. मला असल्या माणसांची जास्त भीती वाटते. ओरडणारा परवडला, तो पुढं काय करणार ते कळतं. "एका मुलीला दोन बंब?"

"सासऱ्यांची हौस."

"सासरे काय करायचे?"

"बांगड्या भरायचे. वाईला. आसपासचे बाजार करायचे."

"बाजार करून बांगड्या भरणाऱ्या माणसानं दोन बंब, तीन तपेली, चार पराती दिल्या."

"एकुलती एक मुलगी होती साहेब."

"घेतली कुठं?"

याचं उत्तर मी घरून पाठ करून आलो होतो. "वाईलाच. तिथल्याच एका कासाराकडून. नावंही तिथंच घालून घेतली. तो कासार आता नाही, सासरेही नाहीत."

"तुमच्या दुकानातून नाही घेतली?"

"छे हो! जावयाच्याच दुकानातून कोणी आंदण घेतं का? लोक हसतील."

"तेही खरंच," ते म्हणाले आणि किंचित हसले. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. "नावं वाईत घातली, असं लिहितो. वाचून सही करा." मी सही केली. "आता दहा मिनिटं बाहेर बसा."

खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा. पडदा सारून बाहेर आलो तर बाकावर वामन!

"तू इथं कसा?"

"रजा टाकली, दाजी."

"कशाला?"

"उगाच. तुमच्या सोबतीला." तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "सरबत सांगू का? खाली मिळतं."

"नको."

"काय विचारलं?"

"तुला काय करायचंय?"

तो हळूच म्हणाला, "दाजी, विचारतील तेवढंच सांगा. जास्तीचं बोलू नका."

मी मुळातच संशयी माणूस. भांडं हातात आलं की आधी टिचकी मारायची, नाद ऐकायचा, कुठं चीर गेलीय का बघायचं, ही लहानपणापासूनची सवय. तीच सवय माणसांच्या बाबतीतही लागली होती. मी वामनकडं नीट पाहिलं. इस्त्रीचा सदरा, मांडीवर पिशवी, पिशवीचे बंद बोटांना गुंडाळून घट्ट धरलेले. ज्याच्या मनात काही नाही तो असा बसतो होय?

तेवढ्यात किंजवडेकरांचा कारकून फायली घेऊन आला आणि जाता जाता म्हणाला, "काय मास्तर, आज पुन्हा?"

पुन्हा?

"पुन्हा म्हणजे काय रे?" कारकून आत गेल्यावर मी विचारलं.

"सोमवारी यायचं झालं होतं."

"सोमवारी? मला बोलला नाहीस."

"त्यांनीच बोलावलं होतं. सांगण्यासारखं काही नव्हतं."

"रिसिव्हर बोलावतो, आणि सांगण्यासारखं काही नव्हतं?"

"दाजी, हळू बोला."

बाकावर त्याच्याशेजारी बसून मी मनातल्या मनात सगळी बेरीज केली. मागच्याच साली पतपेढीच्या कर्जाला वामन मला जामीन राहिला होता. मी बुडालो तशी त्याच्या पगारातून दरमहा कपात सुरू झाली. तोंडानं तो कधी काही बोलला नाही, पण बोलत नाही तोच माणूस मनात ठेवतो. आता माझी अकरा भांडी विकली गेली, तर पतपेढीलाही वाटा मिळणार आणि त्याची कपात तेवढी हलकी होणार. असं आहे काय! म्हणून सोमवारची फेरी, म्हणून आजची रजा, म्हणून 'जास्तीचं बोलू नका'! स्वतः सगळं ओकून झालंय आणि मला तोंड मिटायला सांगतोय! माझ्या पायाची आग मस्तकाला गेली. बायकोचा भाऊ, ज्याच्या लग्नाला मी शंभर ताटं फुकट दिली होती, तो!

"अंदुरे, या," आतून हाक आली.

टेबलावर आता एक कागद होता, त्यांच्याकडून सुलटा, माझ्याकडून उलटा. पण अक्षर मी ओळखलं. फळ्यावर लिहावं तसं गोल, रेघ आखल्यासारखी सरळ. वामनचं. उलट्या बाजूनं मला दोनच शब्द लागले: 'माझे मेहुणे'. त्यापुढं किंजवडेकरांचा हात होता.

"अंदुरे," ते म्हणाले, "ती भांडी यमुनाबाईंच्या आंदणातली नाहीत. तुमच्या दुकानातली आहेत."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"तुम्हाला काय स्वप्न पडलं?" माझा तोल गेला तो गेलाच. "वामननं सांगितलं ना? सांगा की सरळ! बाहेर बसलाय मानभावी! त्याला सगळं ठाऊक होतं साहेब. भांडी उतरवून घेताना त्यानं स्वतः नावं वाचली, गालातल्या गालात हसला, आणि स्वतःच्या हातानं माळ्यावर चढवली. तेव्हा नाही आठवला कायदा? आता पगारातून पैसे जायला लागले तशी साळसूदपणे येऊन चुगली करतो! घरातला माणूस आहे म्हणून विश्वास टाकला हो मी!"

मी थांबलो तेव्हा पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता. पडद्याबाहेरही नव्हता.

किंजवडेकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"असं," ते म्हणाले. "म्हणजे मास्तरांनाही माहीत होतं."

त्यांनी तो कागद फिरवून माझ्यापुढं सरकवला.

आजही ते सगळं मला तोंडपाठ आहे. 'मी वामन गोविंद पोतफोडे, शिक्षक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझे मेहुणे श्री. केशव अंदुरे यांच्या यादीतील अकरा भांडी माझ्या वडिलांनी माझी बहीण यमुना हिला लग्नात माझ्या समक्ष दिली. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. ती भांडी वाईहून फलटणला नेताना मी बैलगाडीत बसलो होतो. सदर भांड्यांवर माझ्या मेहुण्यांचा कोणताही हक्क नाही.' खाली सही आणि सोमवारची तारीख.

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला गेलो तर अक्षरं दिसेनात.

"खोटी शपथ," किंजवडेकर म्हणाले. "मास्तर माणूस. हे मी कोर्टात दाखल केलं आणि तुम्ही आत्ता बोललात ते खाली लिहिलं, तर त्यांची नोकरी गेली म्हणून समजा. तुमचं जे व्हायचं ते होईलच."

"मग तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं.

त्यांनी टेबलाच्या खणातून आपला जेवणाचा डबा काढला. पितळी, आतून कल्हईचा. वरचं झाकण काढून माझ्या हातात दिलं. 'सौ. मालती किंजवडेकर, १९७४.' आणि नावाच्या शेवटी एक फूल. तीन टिंबं वर, दोन बाजूंना दोन पाकळ्या, खाली देठाची बारीक रेघ.

माझं फूल.

नाव घालून झालं की हे फूल काढल्याशिवाय माझ्या हातातली छिन्नी खाली जात नसे. त्याचे मी कधी पैसे घेतले नाहीत. गिऱ्हाइकानं मागितलं नाही तरी काढायचो. हातच तो, त्याला कुठं विचारावं लागतं!

"मंडळींचं माहेर फलटणचं," ते म्हणाले. "त्या फुलासाठी हट्टानं तुमच्या दुकानातून डबा घेतला. आठ वर्षं रोज दुपारी बघतोय. गेल्या आठवड्यात मास्तरांच्या माळ्यावर भांडी बघायला गेलो, तर अकरा भांडी आणि अकरा फुलं. आणि तुम्ही सही करून सांगता, नावं वाईच्या कासारानं घातली."

लग्नाआधीचं नाव, साल, चिंचेचं पाणी, सगळं सुचलं होतं मला. आणि प्रत्येक खोट्याखाली मी माझ्या हातानं सही करून ठेवली होती. माझ्याशी कोणी फितुरी केली नव्हती. फितूर एकच निघाला, तो मी.

"साहेब," मी हात जोडले, "मला जेलात घाला. त्याला नको."

त्यांनी माझी यादी काढून पुढं ठेवली. "माझा अहवाल अजून गेलेला नाही. तोवर यादी दुरुस्त करता येते. स्वतःच्या हातानं लिहा: अकरा भांडी, माझ्या मालकीची, दुकानातली." मी लिहिलं. "आता ही छिन्नी-हातोडी यादीत लिहिलीय ती खोडा. कारागिराची हत्यारं आणि घरची रांधायची भांडी कोणी नेत नाही. आणि हा कागद ज्याचा त्याला परत द्या. मला तो मिळाला नाही."

मी उठलो. पडद्यापर्यंतची चार पावलं मला टाकवेनात. पलीकडे वामन होता, आणि आत सुई पडली तरी त्या पडद्यातून बाहेर ऐकू आली असती.

तो उभाच होता. मी कागद पुढं केला. त्यानं घेतला, घडी केली, आणखी एक घडी केली आणि खिशात ठेवला.

"साडेतीनची गाडी आहे," तो म्हणाला. "चला."

स्टँडपर्यंत तो माझ्या बरोबरीनं चालला. मला ऊन लागू नये म्हणून सावलीची बाजू मला दिली. गाडी लागली, मला खिडकीची जागा मिळाली. तो खाली उभा होता. गाडी सुटायच्या बेतात त्यानं मान वर केली.

"तुम्हाला वाटलं कसं, दाजी?"

गाडी हलली.

घरी गेल्यावर नलूला सगळं सांगितलं, लपवायला आणखी काय उरलं होतं? ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नादारीतून मी पुढं रीतसर मोकळा झालो. दुकान गेलं, अकरा भांडीही लिलावात गेली. मी दुसऱ्याच्या स्टीलच्या दुकानापुढं पोतं टाकून भांड्यांवर नावं घालायला बसलो. घर चाललं. पण फूल काढलं नाही. कोणी मागितलं तर म्हणायचो, आता हात चालत नाही.

वामन आला नाही. राखीपौर्णिमेला नलूच साताऱ्याला जाऊन आली. मी गेलो नाही. तोंड कुठं होतं मला?

भाऊबीजेला मात्र तो आला. सकाळच्या गाडीनं. मी ओट्यावर होतो. "या," मी म्हणालो. तो माझ्या शेजारून आत गेला. नलूनं पाट मांडला, ओवाळलं. ओवाळणी म्हणून त्यानं पिशवीतून एक कळशी काढून तिच्यापुढं ठेवली. तांब्याची, अकरातली सगळ्यांत लहान. लिलावात जाऊन त्यानं ती सोडवून आणली होती, कपात चालू असताना.

"यमाक्का, ही तुझी," तो म्हणाला. "माहेरकडून."

नलूनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. तिनं पुढं केलेलं पाणीसुद्धा त्यानं अजून घेतलं नव्हतं. मी दारातच उभा. जावं की थांबावं कळेना.

"दाजी, एक काम होतं."

"बोल."

"हिच्यावर साल खोटं आहे. खरं घाला."

मी छिन्नी-हातोडी आणली. पाटाशेजारी बसून १९६४ आणि त्यापुढचं फूल ठोकून सपाट केलं आणि शेजारी १९८२ घातलं. तो समोर बसून बघत होता. शेवटचा आकडा झाला आणि मी छिन्नी खाली ठेवली.

त्यानं कळशी उजेडाकडं धरून फिरवली, आकड्यांवरून अंगठा फिरवला.

"फूल राहिलं की, दाजी."

"आता नाही काढत मी."

"हिच्यावर काढा."

काढलं. वरचं तिसरं टिंब वाकडं गेलं. कळशी अजून घरात आहे, टिंब अजून तसंच वाकडं आहे.

वामननं कळशी खाली ठेवली, तिला एक टिचकी मारली, नाद थांबेपर्यंत ऐकला आणि आत हाक दिली, "यमाक्का, चहा टाक. दोन कप."